जिगचा गुडघा, रोबोटचा गुडघा आणि चार अंशांचा प्रश्न

ठाण्यातल्या एका कुटुंबानं माझ्यापुढे ठेवलेला प्रश्न असा होता. आईंचा उजवा गुडघा तीन वर्षांपूर्वी नेहमीच्या पद्धतीनं, जिग (हाड कुठे आणि कोणत्या कोनात कापायचं ते दाखवणारा साचा) लावून बदलला. डावा पाच महिन्यांपूर्वी दुसऱ्या रुग्णालयात रोबोटच्या मदतीनं बदलला. रोबोटचे पैसे वेगळे भरले. आज उजव्या पायावर त्या निर्धास्त भार देतात आणि डावा ओढत चालतात. त्यात डाव्याच्या एक्स-रेवर ‘४ अंश व्हॅरस’, म्हणजे गुडघा चार अंश बाहेर बाकलेला, असा शेरा आला आहे. मग रोबोट चुकला का? आणि चुकला असेल तर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागेल का?

या दोन्ही शस्त्रक्रिया मी केलेल्या नाहीत. माझ्याकडे दुसरं मत घ्यायला ही मंडळी आली होती. काकूंचं वय ६८, वजन बेताचं, मधुमेह गोळ्यांवर आटोक्यात. ओळख पटू नये म्हणून काही घरगुती तपशील बदलले आहेत. प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण शस्त्रक्रियेचं तंत्र अचूक होतं का आणि तिचा माणसाला उपयोग झाला का, हे दोन प्रश्न किती सहज एकमेकांत मिसळतात ते इथे स्पष्ट दिसलं. ते मिसळले की चुकीच्या गोष्टीवर उपचार होतो. इथे तो थोडक्यात टळला.

फाइल

मुलानं कागद व्यवस्थित लावून आणले होते. पहिल्या शस्त्रक्रियेचे कागद थोडेच: डिस्चार्ज समरी, इम्प्लांटचे (बसवलेल्या कृत्रिम सांध्याचे) स्टिकर आणि गुडघ्यापुरते दोन एक्स-रे. दुसऱ्या शस्त्रक्रियेची फाइल जाडजूड. आधीचा सीटी स्कॅन, त्यावरून आखलेली योजना, रोबोटच्या पडद्याची रंगीत प्रिंट. शेवटच्या पानावर हिरव्या चौकटीत अंतिम माप होतं, १ अंश व्हॅरस. पाच महिन्यांनी एका सेंटरमध्ये उभ्यानं काढलेला, कंबरेपासून घोट्यापर्यंतचा लांब एक्स-रेही होता. त्याला आपल्याकडे स्कॅनोग्राम म्हणतात. त्यावर डाव्या पायापुढे ४ अंश.

हा कोन म्हणजे काय ते आधी सांगतो. मांडीच्या हाडाच्या गोल डोक्याचा मध्य, गुडघ्याचा मध्य आणि घोट्याचा मध्य असे तीन बिंदू घ्यायचे. वरच्या दोहोंना जोडणारी एक रेघ, खालच्या दोहोंना जोडणारी दुसरी. दोन्ही एका सरळीत आल्या तर कोन १८० अंश. गुडघा बाहेरच्या अंगाला गेला तर व्हॅरस, आतल्या अंगाला गेला तर व्हॅल्गस. नुसत्या गुडघ्याच्या छोट्या एक्स-रेवर खुबाही दिसत नाही आणि घोटाही, म्हणून त्यावरून हा कोन काढता येत नाही. पहिल्या शस्त्रक्रियेनंतर असे छोटेच एक्स-रे निघाले होते. त्यामुळे उजवा पाय किती सरळ बसला, याची त्या वेळची नोंदच नव्हती.

फाइल वाचताना लक्षात आलं की स्कॅनोग्राममध्ये दोन्ही पाय होते आणि रिपोर्टात उजव्या पायाचाही आकडा होता: ४ अंश व्हॅरस. दोन्ही पायांना तोच आकडा. पण उजव्याची तक्रार नव्हती, म्हणून त्याची ओळ घरात कोणी वाचलीच नव्हती.

टेबलावर काय दिसलं

पू किंवा संसर्ग, सैल झालेलं इम्प्लांट, खुब्यातून किंवा कण्यातून उतरणारी कळ या शक्यता आधी तपासल्या. गुडघा गरम नव्हता, जखम स्वच्छ होती, सीआरपी आणि ईएसआर या सूज-संसर्ग दाखवणाऱ्या रक्ततपासण्या ठीक होत्या. एक्स-रेवर इम्प्लांटच्या कडेनं काळी रेघ नव्हती. खुबा फिरवल्यावर दुखलं नाही. वाकताना-सरळ होताना वाटी मध्यरेषेतून सरकत होती.

मग काकूंना पाठीवर झोपवलं आणि दोन्ही टाचा टेकवायला सांगितल्या. उजव्या गुडघ्यामागे माझी बोटं जेमतेम शिरली. डाव्यामागे अख्खी मूठ गेली. गोनिओमीटर, म्हणजे सांध्याचा कोन मोजायची पट्टी, लावला. उजवा पूर्ण सरळ होत होता, डावा १० अंशांवर अडत होता. पाय सैल सोडा म्हटल्यावर डावं पाऊल बाहेरच्या बाजूला कललं. उभं केल्यावरही तेच: डावा गुडघा किंचित वाकलेला, पाऊल बाहेर वळलेलं.

“रात्री काय करता, काकू?”

“गोधडीची घडी करून गुडघ्याखाली ठेवते. त्याशिवाय झोपच लागत नाही.”

सूनबाईंनी लगेच जोड दिली, “दिवसाही टीव्ही बघताना ठेवतात.”

खाली घडी ठेवली की बरं वाटतं हे खरं आहे. गुडघा थोडा वाकलेला असला की सांध्याच्या आवरणावरचा ताण उतरतो. पण नव्या गुडघ्याच्या मागचं आवरण सुरुवातीच्या महिन्यांत ज्या स्थितीत राहतं, त्या स्थितीत आखडतं. पाच महिने उशी असावी तशी घडी गुडघ्याखाली असेल, तर तो सरळ होणं विसरतो.

उभं राहिल्यावर याचे परिणाम थेट दिसतात. पूर्ण सरळ गुडघ्यावर माणूस फारसा जोर न लावता उभा राहतो. १० अंश वाकलेल्या गुडघ्यावर मांडीच्या पुढच्या स्नायूला सतत खेचून धरावं लागतं. काकूंची मुख्य तक्रार हीच होती: ओट्यापाशी उभं राहून एक भाजी फोडणीला टाकेपर्यंत मांडी भरून येते. वाकलेला पाय चालताना आखूडही पडतो, म्हणून लंगडणं. म्हणजे तक्रारींचा उलगडा बाकाच्या आकड्याशिवायही होत होता.

एक्स-रे कसा काढला, यावर आकडा कसा ठरतो

मग तो ४ अंशांचा शेरा कुठून आला? मोजणाऱ्याचा हात चुकला का, हे आधी पाहिलं. नाव, बाजू आणि रिपोर्ट झाकून तोच एक्स-रे मी मोजला आणि माझ्या सहकाऱ्यानं स्वतंत्रपणे मोजला. काही दिवसांनी दोघांनी पुन्हा मोजला. डाव्या पायाला ३ आणि ४ याच्या पलीकडे आकडा गेला नाही. म्हणजे मोजणी चोख होती. अनेक शोधनिबंधांत इथेच समाधान मानलं जातं: दोन मोजणाऱ्यांचं जमलं, माप विश्वासार्ह. पण दोघांचं जमणं आणि माप खरं असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. चित्रच तिरकं काढलेलं असेल तर सगळे मिळून तोच चुकीचा आकडा काढतील. मार्टिन ब्लँड आणि डग्लस ऑल्टमन या संख्याशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दाखवून दिलं होतं की मोजण्याच्या दोन पद्धतींचा परस्परसंबंध उत्तम असूनही त्यांच्यात सातत्यानं फरक राहू शकतो. गुडघ्याच्या बाबतीत हे आजही पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

चित्र तिरकं होतं का, हे चित्रातच वाचता येतं. पाय बरोबर समोर असेल तर गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडाच्या दोन्ही गोलव्यांच्या मधोमध दिसते आणि बाजूच्या बारीक हाडाच्या डोक्याचा साधारण एक तृतीयांश भाग नडगीच्या हाडाआड जातो. काकूंच्या डाव्या पायात वाटी बाहेरच्या बाजूला सरकलेली होती, बारीक हाडाचं डोकं जवळपास सगळं झाकलेलं होतं आणि खुब्याच्या खाली आतल्या बाजूचा उंचवटा ठळक दिसत होता. तिन्ही खुणांचा अर्थ एकच: अख्खा पाय बाहेर वळलेला.

पाय पूर्ण सरळ असेल तर तो थोडा वळल्यानं या कोनात फारसा फरक पडत नाही. पण गुडघा वाकलेला असेल तर तो खुबा आणि घोटा यांना जोडणाऱ्या रेघेच्या पुढे येतो. असा पुढे आलेला गुडघा पायाबरोबर बाहेर वळला की समोरून पाहणाऱ्या यंत्राला तो बाहेर सरकलेला दिसतो. वाकणं कागदावर बाक होऊन उतरतं. हिशेब सोपा आहे: १० अंश वाकलेला गुडघा आणि २० अंश बाहेर वळलेला पाय, म्हणजे फिल्मवर साधारण साडेतीन अंशांचा नसलेला बाक.

यावरून एक गोष्ट आधीच सांगता येत होती. पाय नीट समोर ठेवून फिल्म पुन्हा काढली तर डाव्याचा आकडा उतरायला हवा. उजवा गुडघा पूर्ण सरळ होतो, म्हणून त्याचा आकडा तसाच राहायला हवा.

त्याच आठवड्यात फिल्म पुन्हा काढून घेतली. चिठ्ठीवर स्पष्ट लिहिलं की दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या समोर, पावलं कुठेही गेली तरी चालतील. तंत्रज्ञाशी फोनवर बोललो, कारण सवयीनं सांगितलं जातं ते ‘पावलं सरळ ठेवा’. ज्याचं पाऊल मुळातच बाहेर वळलेलं आहे त्याच्याकडून ते जमत नाही, किंवा जमलं तर वाटी आत वळते. लांब फिल्म बऱ्याच ठिकाणी दोन-तीन तुकड्यांत घेऊन जोडतात. मध्येच माणूस हलला तर जोडावरच रेघ तुटते. काकूंना आधाराला दांडी दिली आणि सगळं होईस्तोवर हलू नका म्हणून सांगितलं.

नव्या फिल्मवर डावा पाय माझ्या मापानं १ अंश व्हॅरस, सहकाऱ्याच्या मापानं २. उजवा दोघांच्याही मापानं ४, आधी होता तसाच.

मग सरळ बसला कोणता?

रोबोटनं आखल्याप्रमाणे कापलं होतं. खरा बाक होता तो उजव्या, सुखी पायात.

उजव्यात तो का आला असावा, याचं कारण तंत्रात सापडतं. जिगच्या पद्धतीत मांडीच्या हाडाच्या पोकळीत सळई घालतात आणि तिला धरून साधारण ५ ते ७ अंशांच्या कोनात खालचा काप घेतात. हाड सरळ असेल तर सळई मध्यातून जाते. आशियाई माणसांत मांडीचं हाड बाहेरच्या बाजूला बाकलेलं असणं नेहमीचं आहे. तिथे सळई एका अंगाला जाते आणि काप व्हॅरसकडे झुकतो. काकूंच्या फिल्मवर दोन्ही मांड्यांच्या हाडांत हा बाक स्पष्ट आहे. सर्जननं निष्काळजीपणा केला असं म्हणायला इथे काहीही आधार नाही. २००७ मध्ये २९ अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात जिगच्या पद्धतीनं बदललेले ३१.८ टक्के गुडघे सरळ रेघेपासून ३ अंशांच्या मर्यादेबाहेर गेलेले आढळले होते, तर संगणकाच्या मार्गदर्शनानं बदललेले ९ टक्के. मर्यादेबाहेर जाणाऱ्या गुडघ्यांची संख्या ही यंत्रं कमी करतात, याबद्दल आता फारसा वाद उरलेला नाही.

रोबोटच्या पडद्यावरच्या आकड्याबद्दल एक सावधगिरी मी नेहमी बाळगतो. रोबोट खुब्याचा मध्य पाय गोल फिरवून शोधतो आणि घोट्याचा मध्य त्याच्या दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांना स्पर्श करून. हे सगळं माणूस झोपलेला असताना, पायावर भार नसताना. त्यानंतर सिमेंट लावताना इम्प्लांट किंचित सरकू शकतं आणि उभं राहिल्यावर सांधा भाराखाली बसतो. म्हणून पडद्यावरचं माप आणि उभ्या एक्स-रेवरचं माप यांत प्रामाणिक फरक असू शकतो. शिवाय ज्या यंत्रानं कापलं त्यानंच आपल्या कापाला दिलेली पावती स्वतंत्र पुरावा ठरत नाही. हिरवी चौकट पाहून कुटुंबाला धीर येतो, सर्जनलाही येतो. तरी माझ्या लेखी खरी परीक्षा उभ्या, नीट काढलेल्या फिल्मचीच.

३ अंशांचा हा दंडक आला कुठून? त्याला मोठा आधार मिळाला १९९१ मध्ये इंग्लंडमधून आलेल्या एका अभ्यासाचा. जेफरी, मॉरिस आणि डेनहॅम यांनी ११५ गुडघे पाहिले. खुब्यापासून घोट्यापर्यंतची रेघ गुडघ्याच्या मधल्या एक तृतीयांश भागातून गेलेल्यांत ३ टक्के इम्प्लांट सैल झाली होती, बाकीच्यांत २४ टक्के. इतका फरक पाहिल्यावर तो आकडा डोक्यात घट्ट बसणारच. पण ती जुन्या घडणीची इम्प्लांट होती. २०१० मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या पराट आणि पॅग्नानो यांच्या गटानं ३९८ गुडघ्यांचा हिशेब मांडला, आणि १५ वर्षांनंतर ३ अंशांच्या आतले गुडघे बाहेरच्यांपेक्षा जास्त टिकल्याचं दिसलं नाही. २०१२ मध्ये बेल्जियमच्या बेलेमन्स यांनी काहीही तक्रार नसलेल्या २५० तरुणांचे पाय मोजले. ३२ टक्के पुरुषांत आणि १७ टक्के स्त्रियांत ३ अंश किंवा जास्त व्हॅरस नैसर्गिक घडणीतच होता. मग प्रत्येकाला १८० वर आणणं म्हणजे कित्येकांना कधीच नसलेला पाय देणं आहे का, हा वाद सुरू झाला. तो अजून चालू आहे.

म्हणून काकूंचा उजवा पाय ‘चुकला’ असं मी लिहिलं नाही. आखलेल्यापेक्षा ४ अंशांनी वेगळा बसला, हे लिहिलं. आज त्याचा त्रास नाही. पुढे इम्प्लांटमधल्या प्लॅस्टिकची आतली बाजू जास्त झिजते का, हे फिल्मवर पाहत राहावं लागेल.

आता दुसरा प्रश्न: उपयोग किती झाला

इथे मुलाचा मुद्दा वजनदार होता. “डॉक्टर, अंश राहू द्यात. आईला उजव्यानं जे मिळालं ते डाव्यानं मिळालेलं नाही, हे तर आम्ही रोज बघतो.”

ऑक्सफर्ड नी स्कोअर नावाची १२ प्रश्नांची मोजपट्टी आहे, १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेली. दुखणं, अंघोळ करून अंग पुसणं, गाडीत चढणं-उतरणं, खुर्चीतून उठणं, लंगडणं, रात्रीची कळ, बाजारहाट, जिना उतरणं असे प्रश्न, प्रत्येकाला ० ते ४ गुण, एकूण ४८. सुरुवातीला गुण १२ ते ६० असे मोजत आणि कमी म्हणजे चांगलं असे. नंतर ते उलटं केलं. जुने निबंध वाचताना हे लक्षात ठेवलं नाही तर अर्थाचा अनर्थ होतो. प्रश्न माझ्या सहकारी फिजिओथेरपिस्टनं बाहेरच्या खोलीत विचारले, मुलाला आणि मला दूर ठेवून. डॉक्टरसमोर आपली माणसं चांगलं बोलतात आणि मुलासमोर त्याच्या मताप्रमाणे.

उजवा ४२, डावा २७. साधारण ५ गुणांचा फरक माणसाला जाणवतो असं धरतात. इथे तो तिप्पट होता.

पण ही तुलना तीन वर्षांच्या गुडघ्याची पाच महिन्यांच्या गुडघ्याशी आहे. गुडघा बदलल्यावर सुधारणा वर्षभर चालू राहते. खरी तुलना उजव्याच्या पाचव्या महिन्याशी हवी, आणि तेव्हाचे गुण कोणी घेतले नव्हते. शस्त्रक्रियेआधीचेही नाहीत, दोन्ही पायांचे. सरळ रेघांचा इतका हिशेब ठेवणाऱ्या आमच्या क्षेत्रात बारा साधे प्रश्न आधी आणि नंतर विचारले जात नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. त्याला ना रोबोट लागतो, ना सीटी.

काकू ठामपणे म्हणत होत्या की उजव्यानं तीन महिन्यांतच त्या पूर्ववत चालायला लागल्या. मी मुलाला विचारलं, त्या काळातला एखादा व्हिडिओ आहे का? फोनवर दिवाळीचा एक सापडला, शस्त्रक्रियेनंतर पाचव्या महिन्याच्या सुमाराचा. काकू फराळाचं ताट घेऊन शेजाऱ्यांकडे निघाल्या आहेत. जिन्याच्या कठड्याला एक हात, पायरीवर दोन्ही पाय टेकवून मग पुढची पायरी, आणि उजवा पाय स्पष्ट लंगडतोय. सगळे गप्प बसून तो व्हिडिओ पाहत होते. शेवटी काकूच म्हणाल्या, “असं चालत होते होय मी?”

मनानं लबाडी केली नव्हती. दुखणं संपलं की त्याची आठवणही फिकी होते, हे माणसाचं भलंच आहे. पण म्हणूनच नंतर आठवून दिलेले गुण तुलनेला चालत नाहीत.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची होती. दोन शस्त्रक्रियांमध्ये तंत्र बदललं, तसं बरंच काही बदललं होतं. पहिल्या वेळी कुटुंब नौपाड्यात, बिनलिफ्टच्या जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहत होतं. जिना टाळणं शक्यच नव्हतं. सकाळी कोपिनेश्वराचं दर्शन, येताना जांभळी नाक्यावरून भाजी, संध्याकाळी तलावपाळीवर मैत्रिणी. पाय रोज आपोआप सरळ होत होता. मग इमारत पुनर्विकासाला गेली आणि बिऱ्हाड घोडबंदर रोडवर भाड्याच्या फ्लॅटमध्ये आलं. तिथे लिफ्ट आहे, खाली ओळखीचं कोणी नाही, रस्ता ओलांडणं जिवावरचं. घरी येणारा फिजिओथेरपिस्ट वाहतुकीत अडकून दोनदा उशिरा आला, नंतर कुटुंबानंच त्याला नको सांगितलं. त्याच सुमारास सूनबाईंचं बाळंतपण झालं, घराचं सगळं लक्ष बाळाकडे. काकूंनी तक्रार केली नाही. गोधडीची घडी केली आणि झोपल्या.

याशिवाय वय अडीच वर्षांनी वाढलेलं, इम्प्लांट वेगळ्या घडणीचं, सर्जन वेगळे. आणि अपेक्षा! पहिल्या वेळी दुखणं थांबावं एवढीच होती. दुसऱ्या वेळी महागड्या यंत्राकडून पहिल्यापेक्षा सरस गुडघा हवा होता. कॅनडातल्या ऑन्टारिओमध्ये १७०३ रुग्णांना विचारून २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १९ टक्के लोक समाधानी नव्हते, आणि असमाधानाशी सर्वांत घट्ट जोडलेली गोष्ट होती ती पूर्ण न झालेली अपेक्षा. अपेक्षेला खर्चाचीही धार असते. २०१७ च्या ऑगस्टमध्ये सरकारनं गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींवर मर्यादा घातली. कोबाल्ट-क्रोमियमच्या नेहमीच्या इम्प्लांटला ५४,७२० रुपये अधिक जीएसटी, अशी तेव्हाची किंमत ठरली. ती मर्यादा इम्प्लांटची आहे, रोबोट वापरण्याच्या शुल्काची नाही. ते शुल्क भरणाऱ्या कुटुंबाला नेमकं काय विकत घेतोय हे समजायला हवं: काप योजनेप्रमाणे येण्याची जास्त खात्री. चालणं किती लवकर सुधारेल याची हमी त्यात नाही. कोरियातल्या एका यादृच्छिक चाचणीत (कोणाला कोणती पद्धत हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवतात ती) किमान दहा वर्षं पाठपुरावा करून २०२० मध्ये निष्कर्ष आला की रोबोटचे आणि जिगचे गुडघे गुणांतही सारखे निघाले आणि टिकण्यातही. तो आधीच्या पिढीचा रोबोट होता आणि शस्त्रक्रिया करणारा सर्जन एकच होता, हे ध्यानात ठेवून तो वाचावा. पण इतका दीर्घ पाठपुरावा दुर्मीळ आहे आणि त्याकडे पाठ फिरवता येत नाही.

काय केलं

मुलाला सीटी हवा होता, इम्प्लांट आत-बाहेर वळून बसलंय का ते पाहायला. ती शंका रास्त होती. वाटी मध्यातून सरकत होती आणि तक्रारींना समोर कारण दिसत होतं, म्हणून तीन महिने थांबू या, सुधारणा अडली तर सीटी करू, असं ठरलं.

गोधडीची घडी गुडघ्याखालून काढून टाचेखाली आली. दिवसातून अनेकदा, दहा-दहा मिनिटं, गुडघा स्वतःच्या वजनानं खाली जाऊ द्यायचा आणि मांडी आवळून धरायची. पालथं झोपून पाय पलंगाच्या कडेबाहेर सोडायचे. रात्री गुडघ्याखाली काहीही नाही. पहिला आठवडा काकूंना फार जड गेला. रोज फोन यायचा. नवीन फिजिओथेरपिस्ट त्याच संकुलात राहणारी मिळाली, त्यामुळे खंड पडला नाही. मुलानं सकाळी बाळाला घेऊन आईबरोबर इमारतीच्या आवारात फेऱ्या सुरू केल्या.

तीन महिन्यांनी डावा ४ अंशांवर आला आणि सीटीचा विषय मागे पडला. वर्षाच्या तपासणीला डाव्याचे गुण ३८, उजव्याचे ४१. लंगडणं गेलं आहे, थकल्यावर थोडं दिसतं. पाय अजूनही २-३ अंश पूर्ण सरळ होत नाही.

एक गोष्ट गुणांत उतरली नाही. काकूंना देवासमोर पाटावर मांडी घालून बसायचं आहे आणि ते दोन्ही गुडघ्यांनी जमत नाही. ऑक्सफर्डच्या बारा प्रश्नांत गुडघे टेकून पुन्हा उठता येतं का, असा प्रश्न आहे. मांडी घालण्याचा नाही. काकूंच्या आयुष्यात गुडघे टेकण्याची वेळ क्वचित येते, पाटावर बसण्याची रोज येत असे. ४१ गुणांच्या पायालाही हे दुःख आहेच. आपल्याकडच्या रुग्णांचं मूल्यमापन करताना मांडी, उकिडवं बसणं, भारतीय शौचालय आणि जमिनीवरून उठणं हे प्रश्न वेगळे विचारायला हवेत. मी ते आता शस्त्रक्रियेआधीच लिहून घेतो, आणि त्यातलं काय जमणार नाही हेही तेव्हाच सांगतो. सांधे बदलण्याच्या शस्त्रक्रियांच्या देशपातळीवरच्या नोंदवह्यांतही हे सापडणार नाही. स्वीडनची १९७५ पासूनची आणि इंग्लंड-वेल्सची २००३ पासूनची नोंदवही अमूल्य आहे, पण तिथे अपयश प्रामुख्यानं पुन्हा शस्त्रक्रिया झाली यावरून मोजतात. पाचव्या महिन्यातली, लंगडणारी, रात्री घडीशिवाय झोप न लागणारी माझी रुग्ण तिथे यशस्वी म्हणूनच नोंदली गेली असती.

डाव्या गुडघ्याच्या सर्जनना मी पत्र लिहिलं. दोन्ही फिल्म जोडल्या, पहिली तिरकी का ते खुणांसह दाखवलं, आणि त्यांचा काप आखल्याप्रमाणे होता हे स्पष्ट लिहिलं. त्यांचा फोन आला. घरी गेल्यावर गुडघ्याखाली काही ठेवू नका, हे त्यांच्या सूचनापत्रात इंग्रजीत होतं. ते आता मराठीत आणि चित्रासह देणार आहेत. एक्स-रे सेंटरनं माझी चिठ्ठी भिंतीवर लावली: वाटी समोर, पाऊल कुठेही, आणि गुडघा किती अंश सरळ होतो तेही फिल्मवर लिहा.

मुलाला लेखी उत्तर दिलं ते असं. रोबोट चुकला नाही. जिगच्या पायात बाक आहे आणि आज तो त्रास देत नाही. दोन तंत्रांपैकी कोणतं सरस, हे तुमच्या आईच्या दोन पायांवरून सांगता येणार नाही, कारण दोन्ही वेळा तंत्राखेरीजही खूप काही वेगळं होतं. दुसऱ्यांदा शस्त्रक्रियेची गरज नाही. पुढची लांब फिल्म एका वर्षानं, त्याच सेंटरमध्ये, त्याच पद्धतीनं. दोन्ही पायांची, आणि या वेळी उजव्याची ओळ आधी वाचा.